साडेपाच तास

"नाही जमणार, बेटा," कॅप्टन असनारे फोनवर म्हणाले. "माझं मेडिकल सर्टिफिकेट आज संपून राहिलं. एकतीस मे. उद्या पहाटे मी विमानाला हात लावला तर तो गुन्हा होते."

संध्याकाळचे पावणेआठ वाजत आले होते. नागपूरच्या विमानतळाला लागून आमच्या कंपनीचं हँगर होतं आणि हँगरच्या माडीवर ऑपरेशन्सची खोली. दोन छोटी विमानं, तीन वैमानिक, एक को-पायलट, पंधरा-वीस माणसं, एवढाच आमचा पसारा. कधी रुग्ण न्यायचे, कधी कारखानदार, कधी पुढारी. मी तिथे दीड वर्षापासून होते. विमान कुठे जाणार, कोण नेणार, किती इंधन, किती वाजता, हे सगळं कागदावर आणायचं माझं काम. वय चोवीस. माझ्यापेक्षा चोख काम कुणी करत नाही, अशी माझी समजूत होती आणि ती फारशी चुकीचीही नव्हती.

"दुसरी तारीख नाही का मिळाली, सर?"

"डॉक्टरांनी चार जून दिली. तोवर मी घरी. तू धनागरेंना सांग."

धनागरे साहेब टेबलापलीकडेच बसले होते. ते ऑपरेशन्स मॅनेजर. त्यांना मी सांगितलं. ते नुसते पेपरवेट फिरवत राहिले. गडचिरोलीकडच्या जंगलात एका लोहखाणीची स्वतःची धावपट्टी होती. तिथल्या एका फोरमनचे दोन्ही पाय खनिज वाहणाऱ्या पट्ट्यात अडकून चिरडले होते. त्याला पहाटे उजाडता उजाडता उचलून हैदराबादला पोचवायचं होतं. त्या धावपट्टीवर दिवे नव्हते, म्हणून रात्री जाता येत नव्हतं; पाचच्या सुमारास निघालो तर नेमके उजाडताना पोचणार होतो. बाकीच्या दोन वैमानिकांपैकी एक रजेवर केरळात होता. दुसऱ्याचे तीस दिवसांत उडायचे ठरलेले तास भरले होते.

"नाही म्हणून कळवावं लागेल," धनागरे म्हणाले. "खाणवाले पुढच्या वेळी दुसरीकडे जातील. जाऊ दे."

त्यांच्या डोक्यावर भिंतीला दोन घड्याळं होती. एक आपलं, भारतीय वेळेचं. दुसरं झुलू वेळेचं. जगभरातली विमानं एकाच वेळेवर चालतात. कोणत्याही देशात असा, उड्डाणाचा कागद त्या एका वेळेत लिहायचा. तिला आम्ही झुलू म्हणतो. ती लंडनवरून मोजलेली आणि आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा झुलूमध्ये मध्यरात्र होऊन तारीख बदलते.

मी त्या घड्याळाकडे बघत होते आणि मला ते सुचलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझं मलाच सुचलं.

"साहेब, आपले सगळे कागद झुलूमध्ये असतात. झुलूप्रमाणे उद्या पहाटे साडेपाचपर्यंत एकतीस मेच आहे. पाचला विमान उडालं तर मेडिकल चालू आहे."

धनागरेंनी पेपरवेट थांबवला. माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची मागे सारून उठले.

"मला त्यातलं काही माहीत नाही," ते म्हणाले. "तूच बोल त्यांच्याशी. तुझं ऐकतात." आणि ते खाली हँगरमध्ये निघून गेले.

मी पुन्हा फोन लावला. कॅप्टन असनारे हवाई दलातून आलेले, अमरावतीकडचे. बावन्न वर्षांचे, सावकाश बोलणारे. खोलीत आले की पहिल्यांदा मला विचारायचे, जेवलीस का. मी त्यांना माझं गणित सांगितलं. ते हसले.

"वकिली सोडून इकडे कुठे आलीस तू?"

"सर, तुमचं लॉगबुक कोणत्या वेळेत आहे?"

"झुलूत."

"सर्टिफिकेटवर वेळ लिहिली आहे का? नुसती तारीख आहे. मग ती तारीख लॉगबुकाच्याच वेळेने मोजायची. उड्डाण सुरू होतं ती वेळ धरतात, उतरण्याची नाही. साडेपाचच्या आत चाकं उचलली की तुम्ही नियमात आहात. आणि सर, त्या माणसाचे पाय जाऊन राहिले तिकडे."

ते शेवटचं वाक्य मी मुद्दाम टाकलं होतं. ते कुठे लागेल हे मला ठाऊक होतं.

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग ते म्हणाले, "बरं. गाडी चारला पाठव. सौरभलाही कळव." सौरभ डोये म्हणजे को-पायलट, गोंदियाचा, सव्वीस वर्षांचा मुलगा.

मी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं : १४:२२. कॅ. असनारे यांनी मेडिकल ३१ मेपर्यंत असल्याचे सांगितले. झुलू वेळेनुसार २४:०० पर्यंत वैध असल्याचे त्यांना कळवले. उड्डाणास तयार. खाली सही केली, हर्षदा काळमेघ. १४:२२ म्हणजे आपले सात बावन्न. सही मी नेहमीपेक्षा जरा मोठी केली असावी.

पहाटे पाच वाजून चार मिनिटांनी विमान उडालं. मी २३:३४ लिहिलं. पूर्ण सव्वीस मिनिटं हातात ठेवून. मला फार बरं वाटलं.

पाच वाजून एकवीस मिनिटांनी ते पडलं.

उमरेडच्या पुढे दोन्ही इंजिनं एकामागोमाग बंद पडली. इंधनात पाणी होतं. आमच्या हँगरच्या साठवण टाकीतून ते आलं होतं आणि आदल्या दिवशी तळाचं पाणी काढल्याची सही कागदावर होती, पाणी मात्र कुणी काढलं नव्हतं. रेडिओवर कॅप्टन एवढंच म्हणाले, की दोन्ही इंजिनं गेली, समोर वावर दिसतंय, तिथे उतरवतो. आणि त्यांनी ते उतरवलंही. अंधुक उजेडात, पोटावर, नांगरलेल्या वावरात. नंतर आलेल्या तज्ज्ञांनी मातीतली ती रेघ पाहून माना डोलावल्या. दोनशे मीटर विमान सरळ घसरत गेलं होतं. वावराच्या टोकाला विहीर होती आणि विहिरीला सिमेंटचा कठडा. तो कॅप्टनच्या बाजूला लागला.

आम्ही पोचलो तेव्हा एका शेतकरीण बाईने त्यांच्यावर घरातली चादर टाकली होती. सौरभला उमरेडला नेलं होतं. तो जगला. तीन आठवड्यांनी शुद्धीवर आला, पण त्या पहाटेचं त्याला काहीच आठवत नव्हतं. आदल्या संध्याकाळचंही नाही.

खाणीतल्या फोरमनला रस्त्याने चंद्रपूरला नेलं. त्याचा एक पाय गेला, एक वाचला. तो आजही जिवंत असेल.

कंपनीचा अहवाल मीच टाइप केला. नेहमीसारखा, झुलूमध्ये. विमान उडाले ३१ मे, २३:३४. शेवटचा संपर्क २३:४९. अपघात २३:५१. त्याची एक प्रत घरच्यांना गेली.

चौदावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी नलिनी असनारे आमच्या ऑफिसात आल्या. कॅप्टनच्या पत्नी. मनपाच्या शाळेत नववी-दहावीला भूगोल शिकवायच्या. सुती साडी, खांद्याला शाळेचीच पिशवी. धनागरेंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. बाईंनी चहाला हात लावला नाही. पिशवीतून दोन कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हा तुमचा अहवाल. यात ते एकतीस मेला गेले. आणि हा मृत्यूचा दाखला. यात एक जूनला."

"ते काय आहे मॅडम, विमानाची वेळ..."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. आवाज अगदी वर्गातला, शांत. "मला एवढंच विचारायचंय. पेपरात येऊन राहिलं की त्यांचं मेडिकल संपलेलं होतं, त्यांनी लपवलं. तुमच्या कागदाप्रमाणे संपलेलं नव्हतं. नऊ मिनिटं बाकी होती. हे तुम्ही चौकशीत सांगाल ना?"

"बघतो मॅडम. कंपनी तुमच्या पाठीशी आहे."

त्या माझ्याकडे वळल्या. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी होते. त्यांनी मला नीट बघितलं, पण विचारलं काही नाही. कागद पिशवीत ठेवून निघून गेल्या.

त्यांची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत धनागरे थांबले. मग म्हणाले, "हर्षदा, अहवाल पुन्हा टाइप कर. सगळ्या वेळा भारतीय टाक. प्रत्येकीत साडेपाच तास मिळव."

"साहेब, नियमाने झुलू..."

"चौकशी समितीतले लोक सामान्य आहेत. त्यांना समजेल अशी वेळ द्यायची. एक जून, पाच एकवीस."

एक जून झाला की मेडिकल संपलेलं ठरणार होतं आणि दोष टाकीवरून वैमानिकावर जाणार होता; मी जुनी प्रत पुढे ओढली.

"आणि रजिस्टर दाखव जरा."

मी दाखवलं. त्यांनी ते पान वाचलं. माझी सही वाचली. अख्ख्या पानावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं, ते त्यांनी दोनदा तपासलं.

"तुझं अक्षर छान आहे," ते म्हणाले. "हे समितीसमोर गेलं तर काय होईल माहीत आहे ना? वैमानिक नाही म्हणत होता, एका पोरीने त्याला तयार केला. कंपनीला दंड होईल, चार दिवसांनी सगळे विसरतील. तुला कुणी विसरणार नाही. गेलेल्या माणसाला काही शिक्षा होत नाही, बेटा. जे आहे ते राहिलेल्यांचं."

बेटा हा शब्द त्यांनी पूर्वी कधी वापरला नव्हता. मग त्यांनी बाईंचा तसाच राहिलेला चहाचा कप उचलला, आणि सावकाश, बशी बाजूला ठेवून, तो रजिस्टरवर ओतला. पानं पिवळी होऊन फुगली.

"चहा सांडला," ते म्हणाले. "कपाटात कोरं रजिस्टर आहे. मेपासूनचं सगळं उतरवून काढ."

त्यांनी मला दरडावलं नाही. दार उघडं होतं. माझी पर्स खुर्चीला अडकवलेली होती. ती घेऊन जिना उतरले असते तर कुणी अडवलं नसतं. मी कोरं रजिस्टर काढलं.

दुपारभर मी लिहीत होते. दीड महिन्याच्या नोंदी. एकाच पेनाने लिहिलं तर ओळखू येईल म्हणून मी तीन पेनं घेतली, दोन निळी, एक काळं, आणि दिवस बदलला की पेन बदलत गेले. हे मला धनागरेंनी सांगितलं नव्हतं. हेही माझं मलाच सुचलं. एकतीस मेच्या ओळीत लिहिलं : १४:२२. कॅ. असनारे यांना रिपोर्टिंगची वेळ कळवली. तयार.

जुनं रजिस्टर धनागरेंनी वाळवून आपल्या कपाटात कुलपात ठेवलं. फाडलं नाही. का फाडलं नाही, ते मला पुढे कळलं. पुढची सहा वर्षं मी त्यांना कशालाच नाही म्हणू शकले नाही.

चौकशी ऑगस्टमध्ये झाली. एका सरकारी कार्यालयाच्या हॉलमध्ये तीन सदस्य बसले होते. नलिनीबाई मागच्या ओळीत, कडेच्या खुर्चीवर. मला बोलावलं तेव्हा अध्यक्षांनी सौम्यपणे विचारलं,

"त्या संध्याकाळी कॅप्टनशी तुमचं दोनदा बोलणं झालं. फोनच्या नोंदीत आहे. दोनदा का?"

"पहिल्यांदा रुग्णाची पूर्ण माहिती माझ्याकडे नव्हती, सर. ती आल्यावर पुन्हा केला."

"मेडिकलचा विषय निघाला?"

"नाही, सर."

"ते कधी संपतं हे कंपनीला माहीत नव्हतं?"

"त्याची खबर वैमानिकाने द्यायची असते, सर. त्यांनी दिली नाही."

मी न अडखळता बोलत होते. आदल्या रात्री सराव केला होता, आणि तो कामी येत होता. अध्यक्षांनी लिहून घेतलं. मागे खुर्ची सरकली.

"मी एक विचारू का?" नलिनीबाई उभ्या होत्या. अध्यक्षांनी मान हलवली. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हर्षदा, पहिल्या फोनला ते तुला नाही म्हणाले होते ना?"

मी त्यांच्याकडे बघून सांगितलं, "असं काही झालं नाही, मॅडम. सर आनंदाने तयार झाले."

आनंदाने हा शब्द तर कुणी मागितलाही नव्हता.

"मी घरीच होते तेव्हा," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "मी ऐकलंय. मेडिकलचंच बोलणं चाललं होतं."

"तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," अध्यक्ष म्हणाले. "घरच्यांचं म्हणणं म्हणून नोंदवून घेतो." त्यांनी दोन ओळी नोंदवल्या. बाई बसल्या. माझ्या शेजारी बसलेल्या कंपनीच्या वकिलाने हलकेच माझ्या हातावर थोपटलं.

निकाल दिवाळीनंतर लागला. मेडिकलवरची तारीख भारतीय तारीख धरावी, असं समितीने म्हटलं. कॅप्टन प्रभाकर असनारे यांनी मेडिकल संपल्याचं दडवून अवैध उड्डाण केलं. इंधनातल्या पाण्यावर चार ओळी होत्या, त्यात 'संभाव्य' हा शब्द दोनदा होता. विमा नाकारला गेला. फ्लाइंग क्लबच्या भिंतीवर जुन्या प्रशिक्षकांच्या रांगेत त्यांचा फोटो होता, तो काढला. मला जानेवारीत बढती मिळाली.

फेब्रुवारीत नलिनीबाई कॅप्टनचं लॉकरमधलं सामान न्यायला आल्या. धनागरे शेजारच्या खोलीत फोनवर होते. सामान द्यायचं काम माझं. एक हेडफोन, काळ्या बुटांचा जोड, स्वेटर, बडीशेपेची डबी. मी यादी वाचत गेले, त्या एकेक वस्तू पिशवीत ठेवत गेल्या. बूट आत बसेनात. त्यांनी ते काढून, तळवे एकमेकांना लावून, पुन्हा ठेवले.

"तुला एक सांगायचं होतं," त्या खालीच बघत म्हणाल्या. "तुझा दुसरा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं, ही पोरगी म्हणते ते बरोबर आहे का? मी नववीला तेच शिकवते ना. रेखावृत्तं, स्थानिक वेळ, प्रमाणवेळ. मी हातात लाटणं घेऊनच सांगितलं, बरोबर आहे तिचं, तिकडे अजून एकतीसच असेल. जा तुम्ही."

मी यादीवर बोट ठेवून उभी होते.

"त्यांना जायचं नव्हतं. माझ्या 'जा'वर ते गेले. मी चौकशीच्या दिवशी तुला पकडायला नव्हते आली तिथे, पोरी. तू नुसतं हो म्हणाली असतीस, तर त्यांना पाठवणाऱ्या आपण दोघी झालो असतो. आता तसा फोनच झाला नाही, असं सरकारी कागदावर आहे. म्हणजे ते मेडिकल संपलेलं माहीत असून गेले, आणि त्यांना जा म्हणणारी मी एकटीच."

त्या थांबल्या. माझ्याकडून काही येईल म्हणून थांबल्या असाव्यात. शेजारच्या खोलीत धनागरे कुणाशी तरी हसून बोलत होते. खोलीत आम्ही दोघीच होतो. एक शब्द पुरला असता. तो ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, आणि त्यामुळे माझं काही जाणारही नव्हतं.

मी सामानाचं रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं.

"मॅडम, इथे सही करा. पुढे तारीख आणि वेळ."

त्यांनी सही केली. तारीख लिहिली. मग पेन तसंच धरून विचारलं, "वेळ कोणती लिहू? तुमची की आमची?"

"आपली," मी म्हणाले.

त्यांनी मनगटावर बघितलं आणि फळ्यावर लिहावं तसं सुटं, गोल अक्षर काढून ११:४० लिहिलं. पिशवी उचलली. मी दारापर्यंत गेले नाही.

त्या फाटकाबाहेर पडल्याचं खिडकीतून दिसलं, तेव्हा मी त्या आकड्यांवर एक सरळ रेघ मारली, वर ०६:१० लिहिलं आणि शेजारी माझी छोटी सही केली. आमचं रजिस्टर झुलूमध्ये असतं.